कास्टिंग साइटला पैसे भरण्याआधी : कोकणात राहून काम करणाऱ्या नटांसाठी

कास्टिंगची साइट, म्हणजे नट हवेत अशा कामांच्या जाहिराती जिथे पडतात ती, चांगली की वाईट, असं नुसतं विचारून भागत नाही. अंधेरीत तिघांत खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला जी साइट पैसे वसूल करून देते, तीच कुडाळच्या नटाला वर्षभर नुसत्या नोटिफिकेशन पाठवत राहते. त्या मुलाला दुपारी बाराला मेसेज आला तर तीनला तो आराम नगरात ऑडिशनच्या रांगेत उभा असतो. कुडाळहून निघणाऱ्याची अख्खी रात्र गाडीत जाते, आणि त्याआधी तिकीट मिळावं लागतं. म्हणून साइटचं नाव आणि तिच्या जाहिरातीतले हसरे चेहरे बाजूला ठेवा. मी जिथे राहतो तिथून मला करता येईल असं काम या साइटवर खरंच पडतं का, एवढंच बघायचं आहे.

लंडनमध्ये स्पॉटलाइट ही नटांची सूची १९२७ पासून आहे आणि व्यावसायिक नटाचं नाव त्यात असणं तिथे गृहीतच धरतात. अमेरिकेत ॲक्टर्स ॲक्सेस, बॅकस्टेज, कास्टिंग नेटवर्क्स अशा ठरलेल्या जागा आहेत. आपल्याकडे अशी सगळ्यांनी मानलेली एक जागा नाही. टॅलेंटट्रॅकसारख्या देशी साइट आहेत, कास्टिंग नेटवर्क्सही भारतात चालतं. पण मुंबईतलं बरंचसं कास्टिंग अजून कास्टिंग डायरेक्टरच्या फोनवर, व्हॉट्सॲप ग्रुपात आणि इन्स्टाग्रामच्या पोस्टवरच होतं. त्यामुळे ‘सगळे कास्टिंग डायरेक्टर आमच्याकडेच येतात’ असं कुठली साइट सांगत असेल तर तिथेच सावध व्हा. परदेशी साइटची वर्गणी मालवणात बसून भरण्यात तर काहीच हशील नाही. तिथल्या बहुतेक कामांना तिथे काम करण्याचा परवाना लागतो.

साइटवर साधारण काय पडतं? जाहिराती, कंपन्यांच्या फिल्म, वेब मालिकांतल्या छोट्या भूमिका, उभ्या स्क्रीनच्या छोट्या मालिका, फिल्म शाळांतल्या विद्यार्थ्यांचे लघुपट, व्हॉइस ओव्हर. मराठी मालिकेतली मुख्य भूमिका किंवा व्यावसायिक नाटकातली बदली भूमिका साइटवर सहसा येत नाही. ती ओळखीतून, एकांकिकांच्या स्पर्धांतून आणि कुणीतरी कुणाचा प्रयोग पाहिल्यातून मिळते. हे डोक्यात पक्कं असलं की साइटकडून वाजवी तेवढीच अपेक्षा राहते.

पैसे भरण्याआधी फुकटच्या जागा संपवा. मोठ्या कास्टिंग कंपन्या स्वतःचे फॉर्म आणि ईमेल पत्ते अधिकृत पानांवर देतात. तिथे फोटो, उंची, वय, भाषा आणि ऑडिशनच्या व्हिडिओची लिंक एकदा नीट भरून ठेवा आणि सहा महिन्यांनी ताजी करा. दुसरी जागा घराजवळची. २०१६ मध्ये सावंतवाडीजवळच्या आकेरीत झी मराठीच्या मालिकेचं चित्रीकरण सुरू झालं, आणि मालिका कोकणात राहूनही करता येते हे इथल्या नटांना दिसलं. दापोली, गुहागर, मालवण, वेंगुर्ल्याकडे युनिट आलं की छोट्या भूमिकांना स्थानिक माणसं लागतात, कारण मुंबईहून आणलेल्या माणसाचा प्रवास आणि मुक्काम युनिटला पडतो. ही कामं लाइन प्रोड्युसर (शूटिंगची सगळी व्यवस्था बघणारा) आणि स्थानिक कोऑर्डिनेटर (युनिटला नट पुरवणारा) यांच्या वहीतून जातात. तुमचं नाव त्या वहीत नसेल तर कितीही महागडी साइट घ्या, तुमच्याच गावात झालेल्या शूटिंगची बातमी तुम्हाला पेपरात वाचायला मिळेल.

तीस दिवसांची चाचणी

एवढं करूनही साइट हवीशी वाटली तर फुकट खातं उघडा, तीस दिवस पैसे भरू नका आणि रोज दहा मिनिटं नोंद करा. प्रत्येक कामासमोर पाच गोष्टी लिहायच्या: भूमिकेचं वय आणि भाषा, पहिली फेरी सेल्फ टेपची (घरीच काढून पाठवायच्या व्हिडिओची) की प्रत्यक्ष, शूटिंग कुठे, मानधन लिहिलंय का, आणि काम कुणी टाकलंय. बऱ्याच साइट फुकट खात्याला पूर्ण तपशील दाखवत नाहीत, पण मथळा आणि दोन ओळी दिसतात. मोजायला तेवढ्या पुरतात. मथळेसुद्धा पैसे भरल्यावरच दाखवणार असतील तर पुढे जाऊ नका.

महिना संपला की काट मारायला घ्या. वय पाच वर्षांहून जास्त हुकतंय ते काम काटा. ‘उद्या अकरा वाजता अंधेरीत हजर राहा’ तेही काटा. तत्काळ तिकीट गाडीच्या आदल्या दिवशी, एसीचं दहाला आणि बिगर एसीचं अकराला उघडतं. संध्याकाळी आलेल्या अशा मेसेजला गाडीनं वेळेत पोचणं बहुतेकदा जमतच नाही. ‘मानधन नाही, पण एक्सपोजर मिळेल’ हे काम मुंबईतला नट बसच्या भाड्यात करून येतो. रत्नागिरीच्या नटाचं मुंबईला जाणं-येणं म्हणजे सातशे किलोमीटरच्या आसपास, सावंतवाडीकराचं हजाराच्या घरात. तेही काटा.

आता चौथी काट, जी बहुतेक जण मारत नाहीत. कामाच्या मजकुरातलं एक वाक्य जसंच्या तसं उचला, अवतरणचिन्हांत टाका आणि गूगल आणि फेसबुकवर शोधा. तोच मजकूर दोन दिवस आधी एखाद्या फुकट ग्रुपवर पडलेला सापडला, तर ती साइट फुकटचा माल उचलून तुम्हाला विकतेय. एकच काम दर आठवड्याला नव्या तारखेनं वर येत असेल तर साइट गजबजलेली दाखवण्याचा तो उद्योग आहे. खऱ्या कामाला शेवटची तारीख असते, आणि ती उलटली की ते खाली उतरतं.

उरलेल्या आकड्यावर हिशेब मांडा. समजा वर्गणी महिना ५०० रुपये आहे. १८ टक्के जीएसटी धरून ५९० होतात, वर्षाचे ७०८०. जुळणारी कामं महिन्याला सहा असतील तर एका अर्जाला शंभराच्या आत खर्च येतो, आणि तो मला रास्त वाटतो. एकच असेल तर त्या एका अर्जाचे ५९० पडतात, आणि अर्ज म्हणजे काम नव्हे. महिन्याला पाचाच्या खाली जुळणारी कामं असतील तर पैसे भरू नका, असंच माझं मत आहे.

वार्षिक वर्गणी स्वस्त दिसते, पण कोकणातल्या नटाचं वर्ष सपाट नसतं. दशावतारात काम करणारा तुळशीच्या लग्नानंतर जत्रांना लागतो तो पाऊस तोंडावर येईपर्यंत रात्री मोकळा नसतो. नमन-खेळे, जाखडी करणाऱ्यांचे गणपती आणि शिमगा ठरलेले. हौशी नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्याच्या महिनाभराच्या तालमी कुणाला मोडता येत नाहीत. वर्षातले पाच-सहा महिने तुम्ही ‘उपलब्ध नाही’ असाल तर बारा महिन्यांचे पैसे कशाला द्यायचे? मोकळ्या महिन्यांपुरती मासिक वर्गणी घ्या. मासिक सोयच नसेल तर ती साइट तुमच्यासाठी नाही. पावसाळ्यात घेणार असाल तर एक लक्षात असू दे: जून ते ऑक्टोबर कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकानं, कमी वेगानं चालते. त्या काळात सेल्फ टेपच्याच कामांवर भर द्या.

कामाचा मजकूर वाचताना

खऱ्या कामाच्या मजकुरात सहसा एवढं असतं: निर्मिती संस्था किंवा कास्टिंग करणाऱ्याचं नाव, भूमिकेचं वर्णन आणि वय, शूटिंगच्या तारखा, गाव, किती दिवस, किती पैसे. मोठ्या ब्रँडचं नाव गुप्त ठेवतात, ते चालतं. कास्टिंग करणाऱ्याचंच नाव गुप्त असेल तर चालत नाही.

पैशांचा आकडा दिसला तरी तीन प्रश्न उरतात. तो दिवसाचा की सगळ्या कामाचा? त्यात प्रवास आणि मुक्काम धरलाय का? पैसे कधी? मालिकांच्या धंद्यात काम झाल्यावर ९० दिवसांनी पैसे हा जुना रिवाज आहे, आणि बारा तासांची शिफ्टही. सात हजार रुपये ऐकायला बरे वाटतात, पण जाण्या-येण्यात दोन रात्री, मुक्काम आपला आणि पैसे तीन महिन्यांनी असतील तर हातात काय उरतं ते कागदावर मांडून बघा. जाहिरात असेल तर चौथा प्रश्नही विचारा: तुमचा चेहरा कुठे आणि किती काळ वापरणार? फक्त इंटरनेटवर सहा महिने वेगळं, आणि टीव्ही, होर्डिंगसकट कायमचं वेगळं. कायमचे हक्क एका दिवसाच्या पैशात देऊन टाकले की त्याच प्रकारच्या मालाची दुसरी जाहिरात पुढे अडते.

मानधनातून टीडीएस कापला जाऊ शकतो, तेव्हा पॅन हाताशी ठेवा. आधारची प्रत मागितलीच तर यूआयडीएआयच्या साइटवरून मिळणारी, पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्या आणि तिच्यावर ‘फक्त अमुक कामासाठी’ असं तारखेसह आडवं लिहा. निवड होण्याआधी मात्र ना आधार, ना बँकेचा तपशील.

फसवणूक कुठून शिरते

पैसे मागण्याचे दोन प्रकार असतात. साइटची वर्गणी हा एक. ती सेवा आहे, पटली तर घ्या. ऑडिशनसाठी, भूमिकेसाठी किंवा ‘शॉर्टलिस्ट झालात’ म्हणून मागितलेले पैसे हा दुसरा. इथे थांबायचं, अपवाद नाही. या दुसऱ्याला नावं बरीच आहेत: रजिस्ट्रेशन, आर्टिस्ट कार्ड, कॉस्च्युम डिपॉझिट, परत मिळणारी अनामत, सक्तीची कार्यशाळा, ‘आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ’. खरा कोऑर्डिनेटर आपलं कमिशन कामाच्या पैशातून कापतो, कामाआधी मागत नाही. ‘सिंटाचं कार्ड काढून देतो’ म्हणणाऱ्यालाही दारातूनच वाटेला लावा. १९५८ साली स्थापन झालेल्या या कलाकार संघटनेचं सभासदत्व संघटनाच देते, एजंट नाही.

साइट तपासायला अर्धा तास पुरतो. हूइज नावाच्या मोफत सेवेत तिचा पत्ता टाकला की डोमेन कधी नोंदलं ते दिसतं. ‘बारा वर्षांचा अनुभव’ आणि डोमेन गेल्या दिवाळीचं, असं निघालं तर समजून घ्या. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकून नाव जुळतंय का आणि नोंदणी चालू आहे का ते बघा. इन्स्टाग्रामच्या निळ्या खुणेवर विसंबू नका, २०२३ पासून ती विकतही मिळते. एखाद्या नामांकित कास्टिंग डायरेक्टरच्या नावानं मेसेज आला तर त्याच नंबरावर खात्री करू नका. संस्थेच्या अधिकृत साइटवरचा पत्ता शोधून तिथे विचारा. वर्गणी भरण्याआधी साइटच्या मदत कक्षाला एक साधा प्रश्न पाठवा: ‘वर्गणी बंद कशी करायची?’ तीन दिवसांत सरळ उत्तर आलं नाही, तर पैसे अडकल्यावर काय होईल याचा अंदाज येतो.

मानधनाचा ॲडव्हान्स पाठवतो म्हणून क्यूआर स्कॅन करायला सांगितला तर करू नका. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे वाटेत गोठवण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

पहिल्या फेरीत अंगप्रदर्शनाचे फोटो मागणारं आणि ऑडिशनला हॉटेलच्या खोलीत बोलावणारं काम सोडून द्या, मग ते कुठल्याही साइटवर असो. आणि त्याची तक्रार साइटकडे करा. तक्रारीनंतरही ते काम जागेवरच राहिलं तर साइटसुद्धा सोडा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या संस्थेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्यानं सक्तीचं आहे. काम स्वीकारताना तिच्याबद्दल विचारलं तर समोरच्याला राग यायचं कारण नाही.

मुलांसाठी खातं काढणाऱ्या आई-बाबांनी एवढंच बघावं: खातं पालकाच्या नावावर हवं आणि मुलाच्या शाळेचं नाव कुठेच नको. बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते, आणि कमाईतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. ज्याला हे ठाऊकच नाही त्याच्याकडे मूल पाठवू नका.

प्रोफाइलमधल्या दोन जागा

बहुतेक प्रोफाइल शहर आणि भाषा या दोन रकान्यांत मार खातात.

कास्टिंग करणारा सहायक आधी शहराची चाळणी लावतो. ‘रत्नागिरी’ लिहिलंत की मुंबईच्या शोधातून तुम्ही गायब. नुसतं ‘मुंबई’ लिहिलंत की कोकणातल्या शूटिंगसाठी स्थानिक नट शोधणाऱ्याला तुम्ही दिसत नाही, आणि उद्याच्या ऑडिशनला हो म्हणून न गेल्याची नोंद नावावर बसते. साइट दोन शहरं भरू देते का ते आधी पाहा. माझ्या लेखी ही सोय निवडीच्या निकषांत फार वरची आहे. देत नसेल तर मुंबईत हक्कानं टेकायला जागा असेल तरच मुंबई लिहा. परिचयाच्या पहिल्याच ओळीत ‘रत्नागिरीत राहतो, एक दिवस आधी कळवल्यास मुंबईत हजर, मुक्काम स्वतःचा’ असं स्वच्छ टाका.

भाषांच्या यादीत मराठी असते, कधी कोकणी असते, मालवणी बहुधा नसते. संगमेश्वरी, आगरी, कोळी तर दूरच. इथल्या नटाचं खरं भांडवल तेच असतं, आणि ते शोधात येतच नाही. म्हणून परिचयात बोलींची नावं रोमन लिपीत लिहा, कारण शोधणारा रोमनमध्येच टाइप करतो. मालवणीच्या दोन-तीन स्पेलिंगही टाका. आणि तीस सेकंदांचा बोलीतला व्हिडिओ वेगळा चढवा. गाऱ्हाण्याची नक्कल नको, ती सगळेच करतात. बाजारात मासळीच्या भावावरून चाललेलं साधं बोलणं चालेल.

अनुभवाच्या रकान्यात ‘दशावतारात संकासूर, स्त्रीपार्ट’ एवढंच लिहिलं तर दिल्लीहून आलेल्या सहायकाला त्यातून काही कळत नाही. ‘पारंपरिक लोकनाट्य, लिखित संहिता नाही, संवाद उत्स्फूर्त, रात्रीचे प्रयोग’ असं लिहा. राज्य नाट्य स्पर्धा असेल तर वर्ष, केंद्र, भूमिका आणि मिळालं असल्यास अभिनयाचं रौप्यपदक. फोटो तीनच ठेवा: समोरून चेहरा, बाजूनं, पूर्ण उभा. फिल्टर नको, रंगवलेला चेहरा नको. स्त्रीपार्टासाठी केस वाढवलेले असतील तर तसेच दाखवा.

सेल्फ टेप आणि इथलं नेटवर्क

साइट निवडताना व्हिडिओची मर्यादा तपासा. काही साइट थेट फाइल घेतात, काही लिंक घेतात. कोकणात लिंक घेणारी बरी. १०८० पिक्सेलचा व्हिडिओ बऱ्याच फोनवर मिनिटाला १२०-१३० एमबी होतो, म्हणजे दोन मिनिटांची टेप २५० एमबीच्या घरात. अपलोडचा वेग एक एमबीपीएस असेल तर त्याला अर्ध्या तासाच्या वर लागतं, आणि मध्ये नेटवर्क गेलं तर साइटवरचं अपलोड बऱ्याचदा पहिल्यापासून सुरू होतं. तीच टेप ७२० पिक्सेलला, पाच एमबीपीएसनं काढली तर ७५ एमबी होते आणि दहा मिनिटांत जाते. पहिल्या फेरीला तेवढी पुरते. फाइल गूगल ड्राइव्हवर टाकून ‘लिंक असलेल्या कुणालाही पाहता येईल’ ही परवानगी द्या आणि लॉग आउट करून स्वतः उघडून बघा. परवानगी मागणारी लिंक समोरचा पुन्हा उघडत नाही. फोनमधला एचईव्हीसी हा फॉरमॅट काही जुन्या लॅपटॉपवर चालत नाही, म्हणून कॅमेऱ्यात एच २६४ निवडा. व्हॉट्सॲपवर मागितली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र पिचतं.

फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, दीड-दोन मीटरवर. मागे सपाट भिंत, समोर खिडकी. पत्र्याखाली पावसात रेकॉर्ड करू नका, तो आवाज नंतर काढता येत नाही. जत्रेच्या मोकळ्या मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज इथे निम्म्याहून खाली आणावा लागतो. कॉलरला लावायचा साधा माइक असला की ते सोपं जातं. समोरचे संवाद वाचणारा माणूस लेन्सच्या अगदी शेजारी उभा करा आणि त्याला तुमच्यापेक्षा हळू बोलायला सांगा.

वर्गणी थांबवताना साइटवरचं बटण दाबून काम संपत नाही. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन तो आदेश रद्द करा, कार्ड दिलं असेल तर बँकेच्या ॲपमधूनही. आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना येणं रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे, तेव्हा ते मेसेज न वाचता पुसू नका. मग फोटो, व्हिडिओ आणि फोन नंबर प्रोफाइलमधून एकेक काढा, त्यानंतर खातं मिटवा, आणि माहिती पुसल्याची खात्री ईमेलवर मागा. उलट्या क्रमानं केलंत, म्हणजे आधी खातं बंद केलंत, तर लॉग इन करता येत नाही आणि जुना फोटो आतच राहू शकतो.